ब्रश धुण्याची दहा मिनिटे

पोळ्याच्या सकाळी बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात जा, घरोघरी एक शोध चाललेला दिसेल. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झालेली असते. बैल ओढ्यावर नेऊन धुतलेले असतात, शिंगे साळून झालेली असतात. बाजारातून आणलेला तांबड्या ऑइल पेंटचा लहानसा डबा ओट्यावर येऊन बसलेला असतो आणि ब्रश मात्र सापडत नसतो. मग कुणाला तरी आठवते की गेल्या पोळ्याला काम आटोपल्यावर तो वळचणीला खोवला होता. हात घातला की तो मिळतोही. पण तो आता ब्रश राहिलेला नसतो, त्याचे खुरपे झालेले असते. आजोबा तो दगडावर ठेचतात, मुलगा इंजिनातले डिझेल काढून आणतो, कुणी चुलीवरचे गरम पाणी ओततो. शेवटी काडीला चिंधी गुंडाळून शिंगे रंगवली जातात. ज्या घरात नवा ब्रश येतो, तिथे तोही संध्याकाळी त्याच वळचणीला जातो. (शिंगांना ऑइल पेंट लावावा की नाही हा वेगळा वाद आहे. पशुवैद्य लावू नका म्हणतात आणि त्यांचे खरे आहे. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

मी केज तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवली. त्यामुळे पोळ्याच्या सकाळी हा प्रश्न हमखास माझ्या दारात येतो. ‘सर, तुम्ही ड्रॉइंगचे मास्तर, ब्रश मऊ करायचं काही औषध असंल की!’ औषधे तशी प्रत्येक घराला ठाऊक आहेत. रॉकेल, गरम पाणी, धुण्याचा सोडा ही जुनी. पुण्या-मुंबईहून सुटीला आलेली मुले व्हिनेगर सांगतात, नेलपॉलिश काढायचे पाणी सांगतात, केसांचे कंडिशनरसुद्धा सांगतात. यातले काही खरोखर चालते, काही अजिबात चालत नाही, आणि काहींनी ब्रशाआधी माणसाचे नुकसान होते. कोणते औषध कधी चालते, हे सांगणारा मात्र क्वचित भेटतो. कारण आधी विचारायला हवा तो प्रश्न कुणी विचारत नाही. ब्रशात वाळले आहे ते काय?

आपल्या भाषेत ‘वाळणे’ हा एकच शब्द आहे आणि तो इथे फसवतो. वीटभट्टीवर जाऊन पाहा. थापलेली कच्ची वीट उन्हात वाळते, कडक होते. पण एक अवकाळी पाऊस आला की तिचा पुन्हा चिखल. तीच वीट भट्टीतून निघाली की शंभर पावसाळे झेलते. दोन्ही ‘वाळलेल्या’च, पण पहिलीतून फक्त पाणी गेलेले आहे, दुसरी मुळातूनच बदललेली आहे. रंगांचेही असेच आहे. काही रंग कच्च्या विटेच्या जातीचे, काही भाजलेल्या.

कच्च्या जातीतला पहिला म्हणजे शाळेतला जलरंग आणि पोस्टर कलर. यात रंगाची पूड डिंकासारख्या पदार्थाने बांधलेली असते. ती वाळली तरी पाण्यात पुन्हा सुटते. वर्षभर दप्तरात पडून दगड झालेला पोस्टर कलरचा ब्रश वाटीभर साध्या पाण्यात तासभर ठेवला की जिवंत होतो. असे किती ब्रश आम्ही शाळांतून केरात टाकले असतील याचा हिशेब नाही. दुसरा सुताराचा लाखेचा पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडाले की लाख उरते, आणि नव्याने स्पिरिट दिले की ती पुन्हा विरघळते. म्हणून जुना सुतार पॉलिशचा ब्रश खुशाल वाळू देतो आणि सकाळी स्पिरिटमध्ये बुडवतो. गाड्या रंगवणाऱ्यांचा ड्यूको याच कुळातला, त्याला त्याचा थिनर लागतो. फेविकॉलचा ब्रश कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून भिजत ठेवला की बराच सुटतो. व्हिनेगरची कीर्ती बहुधा अशाच कामांवरून पसरली असावी.

भाजलेल्या विटेच्या जातीचा तो ऑइल पेंट. त्याच्या पोटात तेल असते, आणि या तेलांचे मूळ आपल्या शेतातच आहे. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीवर घेतो, त्याच जवसाचे उकळलेले तेल पेंटर ‘बेलतेल’ म्हणून वापरत आले. आजच्या डबाबंद एनॅमलमध्ये कारखान्यात तयार केलेली राळ असते. पण तिलाही असल्याच तेलांची जोड दिलेली असते. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि त्याचे सुटे सुटे कण एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात. ही साखळी एकदा जुळली की रॉकेल काय, टर्पेन्टाइन काय, कशातही ती पुन्हा विरघळत नाही. ओल्या रंगाला रॉकेल पुरते, वाळलेल्याला नाही, आणि पोळ्याच्या सकाळी सगळे गाव चुकते ते नेमके इथे. भिंतीचा डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंट या दोहोंच्या मधला. ओला असेतो साध्या पाण्याने जातो. पण पाणी उडाले की त्यातले बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो आणि मग पाणी हात टेकते. त्याला स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन थोडे नरम करते.

हे सगळे मला कला महाविद्यालयात कुणी शिकवले नव्हते. तिथे रंगसंगती शिकलो, यथार्थदर्शन शिकलो. ब्रश कसा मरतो हे शिकवले एका पेंटरने. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर एका टपरीवजा खोलीत त्याचे दुकान होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, मोटारसायकलींच्या नंबर प्लेटा आणि ऐन हंगामात निवडणुकीच्या भिंती ही त्याची कामे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायला मी त्याला बोलवायला गेलो, तर कोपऱ्यात पाण्याने भरलेल्या डालड्याच्या डब्यात ऑइल पेंटचे ब्रश तारेला अडकवून टांगलेले. मी हसलो. तेलाचा रंग आणि पाण्यात ठेवायचा! तो म्हणाला, ‘हसू नका सर. ह्याला वारं लागू द्यायचं नाही. वारं लागलं का मेला हा.’

प्राणवायू हा शब्द त्याने उच्चारला नाही; पण पाण्याखाली हवा पोचत नाही आणि हवेवाचून हा रंग ‘पिकत’ नाही, हे त्याला पक्के माहीत होते. ब्रश टेकवून उभे न ठेवता टांगलेले का, तर उभे ठेवले की केसांचे टोक वाकते आणि वाकलेल्या टोकाने अक्षराचा कोपरा मारता येत नाही. रंग ब्रशाच्या निम्म्या केसांच्या वर चढू द्यायचा नाही, कारण पत्र्याच्या टोपीत शिरलेला रंग वाळून फुगतो, केस फाकतात आणि ब्रशाची झाडणी होते. हे सगळे त्याने त्याच्या उस्तादाकडून उचललेले होते. त्या विद्येचा पहिला धडा म्हणे ब्रश हातात धरण्याचा नव्हताच. पहिले सहा महिने फक्त उस्तादाचे ब्रश धुवायचे.

त्याच्याकडेही वाळलेले ब्रश असत, नाही असे नाही. त्यांची शुश्रूषा तो करी ती पाहण्यासारखी होती. काचेच्या बरणीत बोटभर थिनर, त्यात ब्रश असा टांगायचा की केस बुडतील पण टोपी बुडणार नाही. वर झाकण. रात्रभर तसाच. थिनर वाळलेला रंग विरघळवत नाही. तो त्याला फुगवतो, त्याची पकड सैल करतो. सकाळी लोखंडी फणीने टोपीकडून टोकाकडे हळूहळू विंचरायचे, पापुद्रे निघतात ते काढायचे, पुन्हा बुडवायचे. दोन दिवस, कधी तीन. मग रॉकेलमध्ये खळबळून रिठ्याच्या फेसाने धुवायचे, बोटांनी टोक जुळवायचे आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून टांगायचे. (प्लास्टिकची फणी आणि प्लास्टिकची वाटी अनेकदा थिनरमध्ये लिबलिबीत होते, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो.) एवढे करून दहातले पाच-सहा ब्रश परत येत. आलेले ब्रशही पाटीच्या अक्षरांना चालत नसत; ते अस्तर मारायला, खांब रंगवायला. ‘एकदा मरून आलेला ब्रश गडी म्हणून चालतो, मालक म्हणून नाही,’ असे तो म्हणे.

आता माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. पुस्तकात वाचले होते की तेलाचा साबण होतो तो अल्कामुळे. मग वाळलेल्या तेलरंगाचाही होईल. तर्क चुकीचा नव्हता. घरात धुण्याचा सोडा होता. डुकराच्या केसांचा एक चांगला चपटा ब्रश वाळून गेला होता, तो मी सोड्याच्या पाण्यात टाकून गॅसवर उकळत ठेवला आणि पेपर वाचत बसलो. अर्ध्या तासाने रंग निघाला होता हे खरे; पण त्याबरोबर केसही निघाले होते. केस हे प्रथिन आहे, तीव्र अल्क आणि उष्णता मिळाली की ते कुजल्यासारखे होते, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या पुढच्या पानावर असावी. शिवाय भांडे अ‍ॅल्युमिनियमचे. सोड्याने ते आतून काळेठिक्कर पडले. सौभाग्यवती स्वयंपाकघरात आल्या. ‘अहो, दुधाचं पातेलं होतं ते!’ एवढेच म्हणाल्या. त्या पातेल्यात आमच्याकडे पुन्हा दूध तापले नाही.

म्हणून सोडा वापरायचाच तर स्टीलच्या भांड्यात, कोमट पाण्यात, दोन चमच्यांहून जास्त नाही, तासाभराहून अधिक वेळ नाही, आणि नंतर पाण्यात लिंबू पिळून एकदा खळबळून घ्यावे, म्हणजे अल्काचा अंश राहत नाही. नायलॉनच्या ब्रशाला सोडा तितका बाधत नाही, पण उकळत्या पाण्याने त्याचे केस कायमचे वाकडे होतात. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये. तो ब्रशाचे केस खातो आणि हाताची कातडीही.

घरगुती उपायांची चर्चा आपण गमतीने करतो. पण त्यांत काही गोष्टी गमतीच्या नाहीत. बाजारात रंग काढण्याचे जे झटपट द्रव मिळतात त्यांपैकी काहींत मेथिलीन क्लोराइड असते. बंद खोलीत त्याची वाफ माणसाला बेशुद्ध करू शकते, जीवही घेऊ शकते. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे द्रव विकण्यावर बंदी आली, ती अशा मृत्यूंनंतरच. थिनर आणि अ‍ॅसिटोन दोन्ही क्षणात पेट घेणारे. चूल, गॅस, देवघरातला दिवा यांच्या आसपास त्यांची बरणी उघडणे म्हणजे संकटाला अक्षता देणे आहे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापत जाऊन पेटू शकतो, हे तर पुष्कळ पेंटरांनाही माहीत नसते. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात टाकाव्यात.

शिवाय शिसे आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. याचा अर्थ असा, की त्यापूर्वीच्या कितीतरी डब्यांत, विशेषतः पिवळ्या आणि नारिंगी रंगांत, ते सर्रास असे. वळचणीत पंधरा-वीस वर्षे पडलेला जुना ब्रश दगडावर ठेचताना किंवा चाकूने खरवडताना जी पूड उडते, ती शेजारी बसून पाहणाऱ्या पोराच्या नाकातोंडात जाते. जुना वाळलेला ब्रश कोरडा खरवडू नये, एवढे तरी घरातल्या मोठ्यांनी पाळावे. असला ब्रश टाकून दिला तर त्यात कसला करंटेपणा नाही.

पण हे सारे उपचार झाले. मूळ दुखणे निराळे आहे, आणि माझे खरे म्हणणे त्याविषयी आहे. ब्रश वाळतो तो आळसाने, असे आपण समजतो. मीही तीस वर्षांतली पहिली पंधरा वर्षे वर्गात हेच बोललो. ‘ब्रश धुवायचा कंटाळा करता, चित्रकार कसले होणार?’ मग एकदा घड्याळ लावून पाहिले. चित्रकलेचा तास ३५ मिनिटांचा. त्यात मुले वर्गात येऊन बसणार, कागद वाटले जाणार, पाणी आणले जाणार, फळ्यावर मी काही काढून दाखवणार. मुलांच्या हाती रंगवायला जेमतेम वीस मिनिटे उरतात. रंग ओला असतानाच घंटा होते आणि गणिताचे सर दारात उभे असतात. ओला ब्रश दप्तरात जातो. मुलांनी धुवायचा कधी? मी वेळापत्रकात सलग दोन तास मागितले. उत्तर मिळाले, ‘चित्रकलेला कशाला?’ उत्तर देणारे माझ्याविषयी आकस ठेवून नव्हते. दहावीचा निकाल हा त्यांचा धर्म होता. याच शाळेत ग्रेडच्या परीक्षेचे, म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे, वाढीव गुण दहावीला मिळू लागले तेव्हा मात्र तास मिळाला. तोही परीक्षेपुरता.

२०१५ चा पावसाळा कोरडा गेला त्या वर्षीचे आठवते. आमच्याच तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्या हंगामात शाळेत टँकर यायचा. ब्रश धुवायला पाणी द्या, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? आम्ही एक पद्धत पाडली. साऱ्या वर्गाला तीन तांबे. पहिल्यात सगळ्यांनी खळबळायचे, दुसऱ्यात धुवायचे, तिसऱ्यात टोक जुळवायचे, आणि तिन्ही तांबे शेवटी मैदानातल्या लिंबाच्या बुडाशी. त्या वर्षी, काय सांगू, एकही ब्रश वाळला नाही. कारण पाणी मोजून द्यायचे म्हणून घंटेआधी दहा मिनिटे काम थांबवावेच लागे. पाणी कमी पडले म्हणून वेळ मिळाला! पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि आमची ती शिस्त वाहून गेली. त्यात दोष माझाच.

मुलांचे सोडा, मोठ्यांचे काय आहे? घराच्या रंगकामाची बोली चौरस फुटावर होते. भिंत किती रंगली त्याचे पैसे. अंधार पडेतो हात मारायचा, कारण जितकी भिंत तितका दाम. ब्रश आणि रोलर धुण्यात जाणारा अर्धा तास कुणाच्याच हिशेबात नाही. मालकाच्या नाही आणि ठेकेदाराच्याही नाही. तो अर्धा तास मजुराच्या घरी परतण्यातून कापला जातो. मग ब्रश तसाच डब्यात पडतो, सकाळी कडक होतो, आणि ठेकेदार म्हणतो, ‘ह्यांना वस्तूची किंमत नाही.’ वस्तूची किंमत असते हो. वस्तू सांभाळायला लागणाऱ्या वेळेची नसते.

बीडच्या वाचकाला हे नवे सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे माणसाचे नावच हत्यारावरून पडते. मजुरी टनावर. तोडलेल्या, बांधलेल्या, गाडीत भरलेल्या उसाचा टन मोजला जातो. पण ज्या कोयत्याने तो ऊस तुटतो त्याला धार लावायची वेळ कोणत्या टनात धरलेली आहे? ती पहाटेच्या झोपेतून काढायची. काम मोजायचे आणि कामाची तयारी-आवराआवर फुकटात घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कोयता बोथट झाला की दुसऱ्या दिवशी मनगटाला कळते, म्हणून त्याला धार लावलीच जाते. ब्रश तेवढी लगेच शिक्षा करत नाही, म्हणून तो वाळतो. फरक इतकाच.

यावर कुणी म्हणेल की वीस-तीस रुपयांना नवा ब्रश मिळतो, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? शंभर रुपयांच्या थिनरने तीस रुपयांचा ब्रश वाचवणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला मान्य आहे. पोळ्याच्या ब्रशाला मी तेच सांगतो, नवा आणा. पण सगळे ब्रश तीस रुपयांचे नसतात. आपल्याकडचे बहुतेक चांगले ब्रश उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोट या गावाकडून येतात. तिथे घरोघरी हा व्यवसाय चालतो. डुकराच्या केसाचे टोक निसर्गतःच दुभंगलेले असते, म्हणून तो रंग धरून ठेवतो आणि सारखा सोडतो. असा ब्रश वापरून वापरून झिजला की अधिक चांगला होतो, ही आणखी मौज. नवा ब्रश केस गाळतो, रेघा पाडतो. सहा महिने भिंतीवर घासलेला ब्रश लोण्यासारखा चालतो. दुकानात नवा ब्रश मिळतो, पण मुरलेला मिळत नाही. तो दररोज धुऊनच तयार होतो.

आणि एक कबुली द्यायची आहे. आम्ही चित्रकलेचे शिक्षक वर्षानुवर्षे मुलांना ‘मुंगसाच्या केसाचा ब्रश घ्या’ असे सांगत आलो. त्याचा ताठपणा आणि टोक नाणावलेले होते. मुंगूस हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. हे कळले तेव्हा आमच्या शेताच्या बांधावरून पळणारे मुंगूस मला आठवले आणि माझ्याच कपाटातल्या ब्रशांची लाज वाटली. आता चांगले कृत्रिम केसांचे ब्रश मिळतात, तेच घ्यावेत. पण हेही लक्षात घ्यावे, की ब्रश जितके लवकर मरतात तितके नवे केस लागतात. आमच्या न धुतलेल्या ब्रशांपायी किती मुंगसे गेली असतील?

स्टँडसमोरच्या त्या पेंटरचे पुढे काय झाले, असे कुणी विचारील. फ्लेक्स आला. दोन हजार सालानंतर पाच-सात वर्षांत तालुक्याच्या गावी छपाईची यंत्रे लागली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी चौक भरून गेले. जे बोर्ड रंगवायला तीन दिवस लागत ते तासाभरात छापून मिळू लागले. नंबर प्लेटांचा आधार होता, तोही १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच प्लेट मिळू लागल्यावर गेला. ज्या भिंतींवर एके काळी देवीचा रोगी कळवणाऱ्यास हजार रुपयांचे इनाम लिहिले गेले, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगला, त्या भिंतींवर आता ब्रशाचे काम उरले ते शाळांच्या ‘बोलक्या भिंती’चे आणि सरकारी योजनांच्या घोषणांचे. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवत मोठे झाले आणि कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना लोकांनी ‘पेंटर’ हेच आडनाव देऊन टाकले, त्या शब्दाची आजची अवस्था अशी आहे.

या बोलक्या भिंतींची कंत्राटे निघतात तेव्हा अंदाजपत्रकात रंग येतो, अस्तर येते, मजुरी येते. हत्यारे धुण्या-सांभाळण्याची एक ओळ त्यात का नसावी? रोज संध्याकाळचा अर्धा तास, त्याची मजुरी, थोडे रॉकेल-टर्पेन्टाइन आणि साबण. रेशनचे रॉकेल आता दिसेनासे झाले आहे, तेव्हा तो खर्च आणखी वाढलेला आहे आणि तो पेंटरच्याच खिशातून जातो. शाळेत चित्रकलेचे सलग दोन तास आणि त्यातली शेवटची दहा मिनिटे धुण्यासाठी राखलेली, हे तर शिक्षणमंत्र्यांना विचारल्यावाचूनही मुख्याध्यापक करू शकतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीला शंभरांहून जास्त मुले असतील तिथे कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. त्या निदेशकाचे तास मोजताना हीही दहा मिनिटे धरावीत. नाहीतर तोही बिचारा ओले ब्रश पिशवीत टाकून दुसऱ्या शाळेची एस.टी. गाठणार.

गेल्या वर्षी पोळ्याला शेजारचा मुलगा नेहमीप्रमाणे आला. मी त्याला काहीच औषध सांगितले नाही. एका जुन्या डब्यात पाणी भरून दिले, वर आडवी तार बांधली आणि म्हणालो, ‘शिंगं रंगवून झाली की ब्रश रॉकेलनं पुसून ह्यात टांग, आणि उद्या सकाळी साबणानं धुऊन कागदात गुंडाळ.’ तो म्हणाला, ‘एवढंच?’ रात्री बैलांची मिरवणूक मारुतीपाशी पोचली तेव्हा तो मला लांबून हात करून दाखवत होता, म्हणजे टांगला होता. दुसऱ्या दिवशी शेळीने डबा लवंडून ठेवला. पण त्याच्या आईच्या वेळीच लक्षात आले आणि तिने ब्रश उचलून भांड्यांच्या साबणाने धुऊन टाकला. तो आता त्यांच्या ओसरीत खुंटीला कागदात गुंडाळून टांगलेला आहे. परवा मी कागद सोडून केसांवरून बोट फिरवून पाहिले. मऊ होता.